देवाची निवड, कृपा आणि माणसाची मर्जी

ख्रिस्ती धर्मशास्त्रातला हा लई जुना आणि चिवट वाद. माणसाचं तारण (पापातून सुटका) होतं ते देवानं त्याला आधीच निवडून ठेवलंय म्हणून, का तो स्वतः हो म्हणतो म्हणून? कृपेशिवाय तारण नाही हे बहुतेक सगळ्यांना मान्य आहे, भांडण आहे ते त्या कृपेला माणूस नाही म्हणू शकतो का यावर.

आपल्याकडे समजायला सोपं आहे. मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लानं काही करायचं नसतं, तो मार्जारन्याय. माकडाचं पिल्लू आईला स्वतः धरून बसतं, तो मर्कटन्याय. पहिल्यात सगळं देवच करतो, दुसऱ्यात माणसालाही धरावं लागतं.

बायबलमध्ये दोघांनाही आधार सापडतो. रोमकरांस पत्राच्या 9 व्या अध्यायात याकोब आणि एसाव हे जुळे जन्मायच्या आधीच देव धाकट्याला निवडतो, आणि मडक्यानं कुंभाराला मला असं काहून घडवलं म्हणून विचारू नये असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल ठणकावतो. तोच पौल आपल्या सहकारी तीमथ्याला लिहितो की सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. आता घ्या!

5 व्या शतकात पेलागियस नावाचा ख्रिस्ती उपदेशक म्हणाला माणूस ठरवेल तर चांगलं वागू शकतो, बिशप ऑगस्टीन म्हणाला इच्छाच आजारी आहे तर ठरवणार कशानं, आणि 418 च्या कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसची मतं नाकारली. नंतर प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर याच मुद्द्यावर विद्वान इरॅस्मसशी भांडला, जिनेव्हातल्या प्रोटेस्टंट कॅल्विननं तर काहींना जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी नेमलंय इथवर नेलं. हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मशास्त्र्याच्या शिष्यांनी हे मानलं नाही, तर 1618-19 च्या डॉर्टच्या सभेनं त्यांनाच चुकीचं ठरवलं. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीचं उत्तर मला जास्त पटतं: धरायला हातही कृपाच देते, पण धरायचं पिल्लानं. कॅथलिकांमध्ये डोमिनिकन आणि जेझुइट हे दोन धर्मसंघ यावरच वर्षानुवर्षं भांडले, शेवटी 1607 मध्ये पोप पाचव्या पॉलनं निकालच दिला नाही, फक्त एकमेकांवर ठपके ठेवू नका म्हणाला.

नागपूरचं कॅथलिक कॅथेड्रल ज्याच्या नावाचं आहे तो सेंट फ्रान्सिस डी सेल्स (आपलं एसएफएस) 19 वर्षांचा असताना पॅरिसला शिकत होता, तिथं या वादानं इतका हादरला की आपण नरकासाठीच नेमलेलो असं वाटून आजारी पडला. मरीयेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून तो म्हणाला की पुढं काय होईल ते होवो, या जन्मी तरी तुझ्यावर प्रेम करू दे, आणि तिथून सावरला. पुढे बिशप झाला तोही कॅल्विनच्या जिनेव्हाचा.

स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला तो स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा, म्हणजे पक्का कॅल्विनवाला. निवड ठरलेलीच असेल तर गावोगाव फिरून सांगायचं काहून? त्या मताचं उत्तर असं की निवडलेल्यांपर्यंत हाक पोचवायचं साधन म्हणजे उपदेशच. कवी ना. वा. टिळकांचंही बघा, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील म्हणाला. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) झाला. पूर्वनियोजनवाले म्हणतील बघा, ठरलेलंच होतं, पण मधल्या काळात पुस्तक उघडून वाचत बसले ते टिळकच ना.

आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, कॅल्विनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन, वेस्लीचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स असे प्रोटेस्टंट पंथ एका छताखाली आले (अमेरिकन मिशनवाले मेथडिस्ट मात्र बाहेर राहिले). वाद मिटला म्हणून नाही, तो बाजूला ठेवून एकत्र आले. त्यामुळे या चर्चमध्ये बाप्तिस्मा दोन्ही तऱ्हेनं चालतो: अजून काहीच न ठरवलेल्या बाळाचाही, आणि सगळ्यांपुढे तोंडानं कबुली देणाऱ्या मोठ्या माणसाचाही.