रापा नुई : आद्य वसाहतकारांच्या उगमाचा वाद

रापा नुई किंवा ईस्टर बेट हे आग्नेय पॅसिफिकमधील ज्वालामुखीजन्य बेट चिलीच्या अखत्यारीत आहे. क्षेत्रफळ सु. १६४ चौ. किमी. पश्चिमेकडे पिटकेर्न बेट सु. २,००० किमी. अंतरावर, तर पूर्वेकडे दक्षिण अमेरिकेचा किनारा सु. ३,५०० किमी. दूर. डच दर्यावर्दी याकोप रोगेव्हेन ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, येथे पोहोचला, तेव्हा बेटावर वस्ती व शेती होती आणि ‘मोआई’ नावाचे दगडी पुतळे उभे होते. ही माणसे पश्चिमेकडून, पॉलिनेशियातून आली की पूर्वेकडून, दक्षिण अमेरिकेतून, यावर विसाव्या शतकात कडाक्याचा वाद झाला. मूळ वस्तीपुरता तो पॉलिनेशियाच्या बाजूने मिटला आहे. अमेरिकेतील लोकांशी गाठ पडली होती का, हा निराळा प्रश्न असून त्याचे उत्तर होकारार्थी आहे. या दोन प्रश्नांची गल्लत झाली नसती, तर वाद एवढा चिघळला नसता.

बेटावरील परंपरेनुसार होतू मातूआ हा प्रमुख ‘हिवा’ नावाच्या भूमीतून आपल्या लोकांसह निघाला आणि उत्तर किनाऱ्यावरील आनाकेना येथे उतरला. नुकू हिवा, हिवा ओआ ही पॉलिनेशियातील मार्केसास बेटांमधील नावे पाहून अनेकांनी हिवा तेथेच ठरवून टाकली. एवढ्या पुराव्यावर ते ठरत नाही. शिवाय पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी १८६२-६३ मध्ये बेटावरील सु. १,५०० माणसे पळवून नेली, परतलेल्या थोड्यांबरोबर देवीची साथ आली आणि १८७७ मध्ये अवघे १११ लोक उरले. परंपरा जाणणारे बहुतेक त्यातच गेले. आज उपलब्ध असलेल्या कथा बव्हंशी त्यानंतर लिहून घेतलेल्या आहेत.

भाषेचा पुरावा सर्वांत जुना आणि अजूनही भक्कम आहे. जेम्स कुक मार्च १७७४ मध्ये येथे आला, तेव्हा त्याच्या जहाजावर पॉलिनेशियातील बोराबोरा बेटाचा माहिने हा तरुण होता. त्याला बेटवासीयांचे थोडेफार बोलणे समजले, आणि हे लोक पश्चिमेकडील बेटांवरल्या लोकांचेच भाऊबंद आहेत, असे कुकचे मत झाले. रापानुई भाषेत मासा ‘इका’, कोंबडी ‘मोआ’, डोळा ‘माता’, होडी ‘वाका’. हेच शब्द थोड्या फरकाने पॉलिनेशियाभर आढळतात. अशा तुलनेत सुटे शब्द जुळवणे पुरेसे नसते, कारण शब्द उसने घेता येतात. सर्वनामे, संख्या, अवयवांची नावे आणि नियमित ध्वनिबदल यांवरच भिस्त ठेवावी लागते. रापानुई त्या कसोटीवर पूर्व पॉलिनेशियन शाखेत बसते.

हेयरडालचा पक्ष : नॉर्वेचा साहसी प्रवासी व संशोधक थॉर हेयरडाल याने पहिले वसाहतकार पेरूकडून आले, असे मांडले. २८ एप्रिल १९४७ रोजी तो पाच साथीदारांसह बाल्सा लाकडाच्या ‘कोन-टिकी’ तराफ्यावर पेरूतील काय्याओ बंदरातून निघाला आणि १०१ दिवसांनी तुआमोतू द्वीपसमूहातील रारोइआ प्रवाळबेटावर आदळला. साहस खरेच, पण त्यातून काय सिद्ध झाले ते नेमके पाहिले पाहिजे. तराफा आरंभी किनाऱ्यापासून सु. ८० किमी. ओढून नेण्यात आला होता, आणि रापा नुई त्याच्या वाटेवर नव्हतेच. असा प्रवास शक्य होता, इतकेच या सफरीने दाखवले. तो झाला होता, हे त्यातून निघत नाही.

१९५५-५६ मध्ये हेयरडालने बेटावर रीतसर उत्खनन मोहीम नेली. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे काम मोलाचे ठरले. विनापू येथील चौथऱ्याचे घोटीव, चपखल बसवलेले दगड त्याला इंका भिंतींसारखे वाटले. पण इंका भिंत सबंध शिळांची रचलेली असते, तर विनापूचा दर्शनी भाग म्हणजे आतल्या दगडमातीच्या भरावाला लावलेल्या फरश्या आहेत. विवरांतील तळ्यांमध्ये वाढणारे टोटोरा जातीचे लव्हाळे पेरूहून माणसाने आणले, हाही त्याचा दावा होता. तळ्याच्या गाळातील परागकण तपासल्यावर ते लव्हाळे माणसाच्या हजारो वर्षे आधीपासून तेथे असल्याचे निघाले. जे सापडत नाही तेही बोलके आहे : मका नाही, खापराचा तुकडा नाही. पेरूचे लोक वसायला येणार आणि मडकी करणार नाहीत, हे पटणारे नाही. उलट कोंबडी, पॉलिनेशियन उंदीर, अळू, कोनफळासारखे कंद, केळी, ऊस, सालीपासून कापड करण्याची कागदी तुती हे सारे पश्चिमेकडचे.

त्याआधी एक भारतीय धागाही जोडून पाहिला गेला होता. गिल्योम द हेवेशी याने १९३२ मध्ये रापा नुईच्या ‘रोंगोरोंगो’ चिन्हांचे मोहेंजोदडोच्या लिपीशी साम्य दाखवले. दोहोंमध्ये हजारो वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर. शिवाय दोन्ही लिप्या न वाचलेल्या. निवडक चिन्हे शेजारी ठेवली की कोणत्याही दोन चित्रलिप्या बहिणी दिसू लागतात. तज्ज्ञांनी हे मत स्वीकारले नाही.

रताळे मात्र खरोखर अमेरिकेचे. (आपल्या उपवासाच्या ताटात ते पोर्तुगीजांच्या मार्फत आले, असे सामान्यतः मानतात, पॅसिफिकमध्ये त्याच्या कितीतरी आधी.) कुक बेटांपैकी मंगाइआ येथे कोलंबसच्या पूर्वीच्या थरांत रताळ्याचे जळके अवशेष मिळाले आहेत, आणि त्याचे पॉलिनेशियन नाव ‘कुमारा’ अँडीजमधील ‘कुमार’शी जुळते. २०१८ मधील एका जनुकीय अभ्यासाने रताळे माणसाशिवायच समुद्र ओलांडून गेले असावे असे सुचवले. तो निष्कर्ष सर्वमान्य नाही. काही असो, पीक आले म्हणजे वस्तीही तिकडूनच आली, असा अर्थ होत नाही. रताळे घेऊन परतणारा खलाशी पॉलिनेशियनही असू शकतो.

कालमापन : हेयरडालच्या मोहिमेत बेटाच्या पूर्व टोकावरील पोइके येथील खंदकातील कोळशाचा काळ इ. स. ४०० च्या आसपास निघाला आणि पुढे कित्येक दशके पुस्तकांत तोच छापला गेला. कार्बन-१४ पद्धत झाड किंवा त्याचा तो भाग केव्हा वाढला ते सांगते, केव्हा जळला ते नाही. जुन्या खोडाच्या गाभ्यातील कोळसा त्यामुळे चुलीपेक्षा शेकडो वर्षे जुना ठरू शकतो. शिंपले, मासे किंवा मासे खाणाऱ्या माणसांची हाडे घेतली, तर समुद्रातील जुना कार्बन काळ मागे ओढतो. म्हणून आता आधी सूक्ष्मदर्शकाखाली कोळशाची जात ओळखतात, बिया, डहाळ्या, करवंट्या असे अल्पायुषी नमुनेच घेतात आणि दक्षिण गोलार्धासाठी तयार केलेल्या कालदुरुस्तीच्या आलेखाशी निकाल ताडून पाहतात. पुरातत्त्वज्ञ टेरी हंट व कार्ल लिपो यांनी २००६ मध्ये आनाकेनाच्या तळच्या थरासाठी इ. स. १२०० च्या सुमाराचा काळ दिला. २०११ मध्ये पूर्व पॉलिनेशियातील १,४०० हून अधिक कालमापनांची अशी छाननी झाली, तेव्हाही रापा नुईची वस्ती तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातलीच ठरली.

जनुकीय पुरावा : १९९४ मध्ये एरिका हागेलबर्ग व सहकाऱ्यांनी १२ सांगाड्यांतील मायटोकॉन्ड्रिअल डीएनए तपासला, तो पॉलिनेशियन निघाला. मात्र हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे इतर पूर्वज त्यात दिसत नाहीत. आजच्या रहिवाशांचा संपूर्ण जनुकसंच घेतला, तर अडचण वेगळी : १८६० नंतर चिली आणि पेरूकडून मिसळलेले रक्त कसे वगळायचे? येथे तुकड्यांची लांबी कामी येते. दर पिढीत गुणसूत्रे नव्याने मिसळतात आणि पूर्वजांकडून आलेले सलग तुकडे आखूड होत जातात. मूळ अमेरिकी तुकडे आखूड व विखुरलेले, युरोपीय तुकडे मात्र लांब असतील, तर पहिला संकर जुना. दोन्ही बरोबरीचे असतील, तर ते एकाच मिश्र पूर्वजाकडून आलेले असण्याचा संभव वाढतो. एका पिढीला किती वर्षे धरली, यावरही तारीख पुढेमागे सरकते.

२०१४ मध्ये २७ रहिवाशांवरून हा संकर १२८० ते १४९५ दरम्यानचा असल्याचे मांडले गेले. २०१७ मध्ये पाच जुन्या सांगाड्यांत अमेरिकी अंश मुळीच आढळला नाही आणि पुन्हा शंका उठली. २०२० मध्ये ८०७ व्यक्तींच्या अभ्यासाने संपर्काचा काळ सु. १२०० पर्यंत मागे नेला. त्यातील अमेरिकी अंश कोलंबियातील झेनू लोकांना सर्वांत जवळचा होता, म्हणजे हेयरडालच्या पेरूला नव्हे. आणि तो मार्केसासमधील फातू हिवासारख्या इतर बेटांवरही आढळला. पुढे २०२४ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातील १५ व्यक्तींच्या अवशेषांत सु. १० टक्के अमेरिकी अंश मिळाला. संकराचा काळ १२५० ते १४३० असा निघाला. एक मत असे की वसाहतकार हा अंश घेऊनच बेटावर उतरले. दुसरे असे की गाठ वस्तीनंतर पडली. चालू वाद आहे तो हा.

मार्ग : मोसमी नव्हे, पण वर्षातील बराच काळ येथे पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. पूर्वेला जाणाऱ्याला ते उलटे पडतात, हा हेयरडालचा मुख्य मुद्दा होता. पण हे वारे अधूनमधून पडतात आणि पश्चिमेचे वारे सुटतात, विशेषतः एल निनोच्या काळात. वाहवत येऊन बेट गाठण्याची शक्यता नगण्य असल्याचे १९७३ मधील संगणकीय सादृशीकरणात दिसले. म्हणजे शिडे लावून, दिशा धरूनच लोक आले. हवाईची ‘होकुलेआ’ ही जोडहोडी १९९९ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातील मांगारेवा बेटाहून निघून उपकरणांशिवाय सु. १७ दिवसांत रापा नुईला पोहोचली. जनुकीय क्रमही मांगारेवाच्या परिसराकडेच बोट दाखवतो. त्याच वाटेवरील पिटकेर्न आणि हेंडरसन या बेटांवरही पॉलिनेशियन वस्ती होती, परंतु युरोपीय येण्यापूर्वी ती ओस पडली. तेथील वंशज उरले नाहीत, त्यामुळे मधल्या टप्प्यासाठी दगडी हत्यारे आणि उत्खननातील हाडे यांवरच विसंबावे लागते.