राष्ट्रीय भूस्थानिक माहिती पायाभूत सुविधा

महसूल, वन, जलसंपदा, बांधकाम अशा निरनिराळ्या शासकीय खात्यांनी आपापल्या कामासाठी तयार केलेले नकाशे आणि स्थळांविषयीची माहिती इतर खात्यांना शोधता, जुळवता व वापरता यावी, यासाठी भारत सरकारने उभारलेली व्यवस्था. 'एनएसडीआय' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००६ मध्ये तिला मान्यता दिली. ती विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत येते.

अशा व्यवस्थेची निकड कालव्यासाठी जमीन संपादन करताना स्पष्ट दिसते. कालव्याची आखणी उपग्रहचित्रावर झालेली असते, तर कोणत्या गटाचे किती गुंठे जाणार हे भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशावरून ठरवावे लागते. महाराष्ट्रातील जुनी मोजणी बव्हंशी शंकू-साखळीने, म्हणजे काटकोन साधण्याचा शंकू व अंतर मोजण्याची साखळी वापरून, झाली. साखळी ३३ फुटांची, म्हणून ३३ फूट लांबरुंद जागेचा एक गुंठा. हे नकाशे गावापुरते चोख असले, तरी त्यांवर अक्षांश-रेखांश नसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे (स्थापना १७६७) जुने स्थलदर्शक नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट आधारमापांवर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या तेव्हा धरलेल्या मापांवर, बेतलेले आहेत आणि जीपीएस यंत्र मात्र डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक प्रणालीत स्थान सांगते. दोन्हींतील फरकाचे गणित न करता नकाशे एकमेकांवर ठेवले, तर महाराष्ट्रात तीच विहीर सुमारे शंभर मीटर सरकलेली दिसते. भरपाई ज्याला मिळायची त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे.

म्हणूनच सर्व माहिती एका कोठारात गोळा करणे हा या व्यवस्थेचा गाभा नाही. माहिती ज्या खात्याची त्याच्याचकडे राहते आणि ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच असते. मात्र मोजणी केव्हा झाली, प्रमाण कोणते, आधारप्रणाली कोणती, याची नोंद, म्हणजे मेटाडेटा, ठरावीक नमुन्यात सामाईक सूचीत द्यावी लागते. हे काम कंटाळवाणे असल्याने मागे पडते, पण त्याविना हाती आलेला नकाशा विश्वासाने वापरता येत नाही.

दीर्घकाळ मोठा अडसर गोपनीयतेचा होता. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी व नागरी वापरासाठी नकाशांच्या स्वतंत्र मालिका केल्या. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे व भूस्थानिक माहितीबाबत भारतीय संस्थांवर असलेली पूर्वपरवानगीची बहुतेक बंधने उठवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. दरम्यान ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या पीएम गतिशक्ती आराखड्यात रस्ते, रेल्वे, बंदरे आदी खात्यांचे नकाशास्तर एकाच पडद्यावर आणले गेले. महाराष्ट्रात उपग्रहाधारित माहितीचे काम नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र करते.

नकाशे जुळले तरी नावांचा प्रश्न उरतो. वडगाव नावाची गावे अनेक तालुक्यांत आहेत. एका तक्त्यात 'वडगाव बुद्रुक', दुसऱ्यात 'वडगाव बु.', तर तिसऱ्यात नुसतेच 'वडगाव' असते आणि संगणकाला ही तीन गावे वाटतात. त्यासाठी केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. खात्यांनी आपल्या तक्त्यांत नावाशेजारी तो लिहावा, अशी अपेक्षा असते.