पोस्टकार्डापासून पडद्यापर्यंत : शाळकरी मुले आणि शास्त्रज्ञ यांच्या थेट संवादाची पार्श्वभूमी

सकाळच्या पाळीचा वर्ग, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, त्या उजेडात आपल्या प्रयोगशाळेत बसून बोलणारी एखादी संशोधक आणि बाकावरून उठून तिला प्रश्न विचारणारी आठवीतील मुलगी, हे दृश्य मुंबईतील शाळांना आता अनोळखी राहिलेले नाही. बहुतेक पालकांना अशा सत्रांची ओळख २०२०च्या टाळेबंदीत झाली आणि म्हणून हा प्रकार त्या संकटातूनच जन्मला असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात त्यामागची खटपट बरीच जुनी आहे आणि तिच्यातील काही महत्त्वाचे टप्पे याच शहरात घडले आहेत. हा इतिहास पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. शास्त्रज्ञाचे बोलणे मुलांपर्यंत नेण्याची साधने तुलनेने लवकर मिळाली. मुलाचा प्रश्न शास्त्रज्ञापर्यंत नेणारी वाट मात्र फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी तयार झाली.

मुंबईत विज्ञान मातृभाषेतून सांगण्याची संघटित सुरुवात १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्थापन केलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने केली. दादाभाई नौरोजी तिच्या अग्रणींपैकी होते. मराठी आणि गुजराती भाषकांसाठी तिच्या स्वतंत्र ज्ञानप्रसारक शाखा होत्या, तेथे निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. पुढच्याच वर्षी याच तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या. मात्र त्या काळी विज्ञान सांगणारा स्वतः संशोधन करणारा असेच असे नव्हते. तो बहुधा शिक्षक किंवा व्यासंगी वाचक असे. काम करणारा शास्त्रज्ञ आणि सामान्य मराठी श्रोता समोरासमोर येण्याची सोय पुढे १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने सातत्याने केली.

शाळेच्या दृष्टीने खरे वळण आले ते १९७४ साली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत कुलाब्याच्या पार टोकाला, नेव्हीनगरच्या पलीकडे, समुद्रालगत आहे. गिरणगावातल्या किंवा उपनगरातल्या महापालिका शाळेतील मुलाला ती इमारत बाहेरूनही पाहण्याचे कारण नव्हते. त्याआधी दोन वर्षे मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गावच्या शाळांमधून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला होता, त्यात टाटा संस्थेतील काही शास्त्रज्ञ सुटीत जाऊन काम करत होते. ‘हे मुंबईत का नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक होता. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले आणि त्याचे आरंभीचे कामकाज ग्रँट रोडजवळच्या नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीतून चालले. संशोधन संस्थेचे शिक्षणकेंद्र शाळेच्या आवारात असणे ही मला त्या साऱ्या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. मानखुर्दचे प्रशस्त आवार १९९२ साली मिळाले, तोवर केंद्राची बरीच जडणघडण या शाळांच्या सहवासात झालेली होती.

त्या सहवासातून एक शोध लागला, जो आजच्या व्हिडिओ सत्रांनाही तितकाच लागू आहे. मुले विज्ञानात मागे पडतात तेव्हा अडसर कित्येकदा विज्ञानाचा नसून पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा असतो, हे कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासातून दाखवले. संस्कृतप्रचुर परिभाषा आणि लांबलचक वाक्यरचना घरी बोलल्या जाणाऱ्या मराठीपासून इतकी दूर होती की शिकणारी पहिलीच पिढी असलेल्या घरातील मूल प्रश्न विचारण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नसे. ज्याला वाक्य कळले नाही, त्याला आपल्याला नेमके काय कळले नाही हेही सांगता येत नाही.

याच सुमारास आकाशातून शिकवण्याचा प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर, अमेरिकेकडून मुदतीने मिळालेल्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांमध्ये दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट उतरवण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीचा सुमारे तीन मीटर व्यासाचा अँटेना आणि एक संच, एवढीच गावातील सामग्री होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता; पण मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम तयार करण्याचे काम इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत चालले. इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोजन केंद्राचे तेव्हाचे संचालक प्रा. यश पाल हे मूळचे टाटा संस्थेतील, अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांचे अभ्यासक होते. प्रयोग मोठा होता यात शंका नाही, पण गावातील मुलाला पडद्यावरच्या माणसाला काही विचारायचे असेल तर त्याची सोय त्या यंत्रणेत नव्हती. ही उणीव यश पाल यांच्या मनात राहिली असावी असे मानायला जागा आहे, कारण पुढे नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या कार्यक्रमात ते दिसत ते मुख्यतः प्रेक्षकांनी पत्राने पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे देताना.

पत्रांचाच विषय निघाला आहे तर डॉ. जयंत नारळीकर यांच्या पोस्टकार्डांची आठवण ठेवायला हवी. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा ते वहीत सही देत नसत. मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल, असे सांगत. नारळीकर १९७२ ते १९८९ या काळात मुंबईत टाटा संस्थेत होते आणि नंतर पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारताना त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानांची परंपरा सुरू केली. पोस्टकार्डाची ही पद्धत वरकरणी साधी दिसते. पण तिच्यामुळे मुलाला घरी जाऊन विचार करावा लागे, प्रश्नाला शब्द द्यावे लागत, आणि उत्तर त्याच्या नावावर, त्याच्या पत्त्यावर येई. थेट सत्रांचा वंशवृक्ष मांडायचा झाला तर मी या पोस्टकार्डाला उपग्रहापेक्षा वरची जागा देईन.

प्रश्न आणि उत्तर एकाच बैठकीत, चेहरा दिसत असताना, घडवून आणण्याचा पहिला ठळक प्रयत्न समुद्रातून झाला. १९८५ साली टायटॅनिकचे अवशेष सापडल्यानंतर मोहिमेचे प्रमुख रॉबर्ट बॅलार्ड यांना शाळकरी मुलांची हजारो पत्रे आली. पुढच्या वेळी आम्हालाही घेऊन चला, अशी त्यांची मागणी होती. १९८९ साली बॅलार्ड यांनी भूमध्य समुद्रातील मोहिमेची दृश्ये उपग्रहाद्वारे संग्रहालयांमध्ये जमलेल्या मुलांना थेट दाखवली आणि त्यांना संशोधकांशी बोलू दिले. डिसेंबर २०००मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांशी शाळांचा हौशी रेडिओवरून संवाद सुरू झाला. तेथे चित्र नव्हते, आणि स्थानक शाळेच्या आकाशातून ओलांडून जाईपर्यंतची जेमतेम दहा मिनिटेच हाती असत. मुले रांगेत उभी राहून एकेक प्रश्न विचारत. तयारीचे मोल या उपक्रमाने जितके शिकवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने शिकवले असेल.

भारतात परतीची वाट तांत्रिकदृष्ट्या मोकळी झाली ती २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेल्या एज्युसॅटमुळे. केवळ शिक्षणासाठी असा हा देशाचा पहिला उपग्रह होता आणि त्याच्या जाळ्यातील काही वर्गांना स्टुडिओतील शिक्षकाशी उलट बोलता येत असे. मात्र भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, आणि प्रश्न व उत्तर मिळून अर्ध्या सेकंदाची पोकळी पडते. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण बुजऱ्या मुलाला तेवढी शांतता ‘आपले काही चुकले’ असे वाटायला पुरेशी असते. पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी २००९च्या सुमारास इंटरनेटच्या आधारे देशभरातील अभियांत्रिकी शिक्षकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्यास आरंभ केला, आणि काही वर्षांतच ही संख्या दहा हजारांपर्यंत नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मुंबई महापालिकेच्या शाळांमध्येही २०११च्या सुमारास आभासी वर्ग सुरू झाले. या दोन्हींत पडद्यापलीकडे प्रामुख्याने शिक्षकच होता. पण वायर, कॅमेरा आणि सवय या तिन्ही गोष्टी तेथे तयार झाल्या.

शास्त्रज्ञ पडद्यावर आला तो व्हिडिओ कॉल जवळजवळ फुकट झाल्यावर. ब्रिटनमध्ये २००८पासून मुले आणि शास्त्रज्ञ यांच्या लेखी गप्पांचा ‘आय अॅम अ सायंटिस्ट’ हा उपक्रम चालू होता. २०१७ साली अमेरिकेत सारा मॅकअॅनल्टी या स्क्विड नावाच्या समुद्री जीवावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीने ‘स्काइप अ सायंटिस्ट’ सुरू केला आणि शिक्षकाच्या गरजेनुसार शास्त्रज्ञाची जोडी जुळवून देण्याची पद्धत जगभर गेली. त्याच वर्षी भारतात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आणि केंद्रीय विद्यालये यांना जोडणारा ‘जिज्ञासा’ कार्यक्रम आला, तो मुख्यतः प्रत्यक्ष भेटींचा. अशा जोडण्यांमागे एक जुने निरीक्षणही आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. त्यांतील केवळ २८ चित्रांत स्त्री होती आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. चित्र बदलायचे तर माणूस दिसला पाहिजे, हा त्यामागचा सरळ विचार.

मुंबईत तोवर टाटा संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ रुळला होता. जानेवारी २००९पासून जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि पुढे माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात रविवारी सकाळी शास्त्रज्ञ लोकांशी बोलत आणि श्रोत्यांत शाळकरी मुलेही असत. मार्च २०२०मध्ये सारे बंद झाले तेव्हा हा कार्यक्रम लवकरच ऑनलाइन आला. त्याला जमले, कारण प्रश्नोत्तरांची शिस्त अकरा वर्षे मुरलेली होती. ज्यांनी केवळ व्याख्यान उचलून पडद्यावर ठेवले, त्यांच्या सत्रांत मुलांचे कॅमेरे बंद राहिले. आणि ज्या घरात एकच फोन होता व तो कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात होता, त्या घरातील मूल या साऱ्याबाहेरच होते, हे विसरता येत नाही. म्हणून शाळा उघडल्यावर सत्र पुन्हा वर्गातल्या एका मोठ्या पडद्यावर आले, ते मला योग्य वाटते.

आजचे अडथळे तंत्राचे कमी आणि मांडणीचे अधिक आहेत. अमेरिकेतील संशोधकाची संध्याकाळ आपल्या सकाळच्या पाळीशी जुळते, युरोपातील सकाळ दुपारच्या पाळीशी. त्यामुळे कोणत्या मुलांना कोण भेटेल हे बरेचसे शाळेच्या वेळापत्रकावर ठरते. महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात, सत्रे मात्र बहुतांशी इंग्रजीतून होतात, आणि नाना चौकात सापडलेला भाषेचा तो अडसर येथे पुन्हा समोर येतो. काही शिक्षक त्यावर एक उपाय करतात. सत्राच्या आठवडाभर आधी मुलांकडून प्रश्न मराठीत चिठ्ठीवर लिहून घेतात, त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करतात, आणि सत्रात शास्त्रज्ञाला उत्तरासाठी फळ्याची व उदाहरणाची भाषा वापरायला सांगतात. मूल आपला प्रश्न मराठीतच विचारते, शिक्षक फक्त दुवा होतात. पन्नास मुलांच्या वर्गात माइक एकच असतो. या चिठ्ठ्यांमुळे तो शेवटच्या बाकापर्यंत जातो.