मालक बदलला म्हणजे लायसन्स गेलं का?

डिस्नेने 2009 मध्ये मार्व्हल ही कॉमिक्स काढणारी कंपनी सुमारे 4 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, 2012 मध्ये स्टार वॉर्सवाली लुकासफिल्म साधारण तेवढ्यालाच. अशी बातमी आली की अशा कंपन्यांची पात्रं वापरायचं लायसन्स घेऊन टी-शर्ट, कीचेन, कॉमिक्स काढणारे छोटे लायसन्सधारक धास्तावतात: आता आपला करार मोडणार! पण करार मोडणं वेगळं आणि मुदत संपल्यावर तो न वाढवणं वेगळं.

चालू करार सहसा नव्या मालकालाही पाळावा लागतो. युनिव्हर्सलच्या थीम पार्कसाठी मार्व्हलशी 1994 मध्ये करार झाला होता. मार्व्हल डिस्नेकडे गेली तरी तो टिकला. म्हणून ऑरलँडोत युनिव्हर्सलच्या पार्कात आजही हल्कची राइड धावते, आणि त्याच शहरातल्या डिस्ने वर्ल्डला स्वतःच्या मालकीच्या हल्कची राइड काढता येत नाही! करारात या बंदीची हद्द मिसिसिपी नदी ठरली आहे, आणि ऑरलँडो तिच्या पूर्वेला येतं. डिस्नेने 2021 मध्ये अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस उभारला तो नदीच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियात.

डार्क हॉर्स या कॉमिक्स प्रकाशकाचं उलट झालं. 1991पासून ते स्टार वॉर्सची कॉमिक्स काढत होते. लुकासफिल्म विकली गेल्यावरही अंक निघत राहिले. मग 2014च्या जानेवारीत जाहीर झालं की पुढच्या वर्षापासून हे काम मार्व्हलकडे. घरातच प्रकाशक असताना लायसन्स बाहेर कोण देईल? करार कुणी मोडला नाही. तरी वीसेक वर्षं वाचक जोडणाऱ्या प्रकाशकाच्या हातून ते जावं, हे मला आजही खटकतं.

छोट्यांना फटका बसतो तो बहुधा याच दुसऱ्या वाटेने, आणि त्याआधी रोजच्या कामात. नमुने मंजूर करणारी माणसं बदलतात, ईमेलला उत्तर येत नाही, सणासुदीचा माल मंजुरीत अडकून सीझन निघून जातो. किमान रॉयल्टी, म्हणजे माल विकला न गेला तरी मालकाला द्यायची ठरलेली रक्कम, मात्र ठरल्या तारखेला भरावीच लागते.

'मालकी बदलल्यास' हे कलमही नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ते लायसन्स घेणाऱ्यावर असतं: तुम्ही धंदा विकलात तर लायसन्स रद्द होऊ शकतं. देणारी कंपनी विकली गेली तर तुम्हाला तसा हक्क क्वचितच मिळतो. नूतनीकरण आपोआप होतं की त्यांच्या मर्जीवर, हेही पाहा. आणि मुदत संपल्यावर उरलेला माल विकायला किती महिने मिळतात, हे सही करण्याआधीच लिहून घ्या. तशी सवलत नसेल तर गोदामातला छापून तयार माल दुसऱ्या दिवसापासून विकता येत नाही.