ओठांवरचे पिवळसर दाणे

आरशाजवळ जाऊन वरचा ओठ जरा ताणून पाहा. ओठाच्या कडेला रव्याच्या कणाएवढे पिवळट-पांढरे ठिपके दिसले, तर ते बहुधा फोर्डाइस स्पॉट. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जॉन ॲडिसन फोर्डाइस यांनी १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. दहातल्या सात-आठ प्रौढांच्या ओठांवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला ते असतात. हा रोग नाहीच.

आपल्या त्वचेत तैलग्रंथी असतात. एरवी त्या केसाच्या मुळाशी जोडलेल्या असतात आणि त्यांचं तेल केसाच्या कडेने वर येतं. ओठांच्या लालसर भागावर केस नसतात, तरी काही ग्रंथी तिथेही असतात. केसाची वाट नसल्याने त्या पातळ त्वचेखालून ठिपक्यासारख्या दिसतात. त्या जन्मापासूनच असतात, पण वयात येताना संप्रेरकांमुळे मोठ्या होतात आणि मग ‘हे अचानक आलं’ असं वाटतं. नेमक्या त्याच वयात कुणाला विचारायची लाज वाटते आणि पोरं लैंगिक आजाराच्या शंकेने रात्र-रात्र मोबाइल चाळत बसतात. हे दाणे संसर्गाने होत नाहीत आणि चुंबनाने पसरतही नाहीत. उष्णतेचाही यात काही संबंध नाही.

दाबून ते जात नाहीत. थोडा घट्ट पदार्थ बाहेर येईल, पण ग्रंथी जागेवरच राहते आणि वर जखम होते ती वेगळीच. टूथपेस्ट किंवा चुना लावणं म्हणजे ओठ भाजून घेणं. लेझरने ते काढता येतात, पण व्रण राहू शकतो. माझ्या मते तो खर्च वाचवलेला बरा.

अर्थात, ओठावरचा प्रत्येक फोड फोर्डाइस नसतो. खालच्या ओठाच्या आत मऊ, निळसर, पाण्याने भरल्यासारखी गाठ आली तर ती बहुतेकदा म्यूकोसील असते. ओठ चावला गेला की लाळेच्या बारीक ग्रंथीची नळी फाटते आणि लाळ आतच साचते. ही गाठ फुटते, पुन्हा भरते. आपोआप गेली नाही तर छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. आधी चुरचुर, मग एकत्र आलेले पाणीदार फोड आणि नंतर खपली, असा क्रम असेल तर तो नागिणीच्या कुळातला हर्पीस विषाणू. तो मात्र संसर्गजन्य असतो. फोड असताना दुसऱ्याचा पेला किंवा टॉवेल वापरू नये, बाळाचा पापा तर मुळीच घेऊ नये.

तंबाखूचा बार भरणाऱ्यांनी आणि मिश्री लावणाऱ्यांनी फोर्डाइसच्या भरवशावर राहू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक गाठ, न पुसता येणारा पांढरा चट्टा किंवा रक्त येणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावं. शंका आल्यास ते तिथला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात.