जप्त खवा साहेबांच्या घरी जातो?

दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात महाद्वार रोडपासून लक्ष्मीपुरीपर्यंत एकच बोलणं ऐकू येतं: "धाडीतला खवा जातो कुठं? साहेबांच्या घरी!" हे खरं नाही.

या धाडी ज्या कायद्याखाली पडतात, तो अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे. अन्न सुरक्षा अधिकारी, म्हणजे हेच साहेब, नमुना घेतो तोही फुकट नाही, बाजारभावानं पैसे मोजून. नमुन्याचे चार भाग करून सील लावतात. एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जातो, आणि दुकानदारानं मागणी केली तर एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस मिळतात. तोवर जप्त माल बऱ्याचदा दुकानदाराच्याच ताब्यात ठेवतात. त्याला तो विकता मात्र येत नाही.

पण आंबूस वास सुटलेला, बुरशीचे हिरवट ठिपके पडलेला खवा 14 दिवस कसा थांबणार? अशा नाशवंत मालासाठी कलम 38 मध्ये वेगळी सोय आहे. तो खाण्यालायक उरला नाही अशी खात्री पटली, की अधिकारी दुकानदाराला लेखी नोटीस देऊन तो नष्ट करायला लावू शकतो. ही घाई लोकांना संशयास्पद वाटते, पण ती आपल्याच लेकरांच्या पोटासाठी आहे. दुकानदारांनी नोटिशीचा कागद जरूर जपून ठेवावा.