यंत्राला न वाचता आलेले शब्द

‘न्यू यॉर्क टाइम्स’चा १८६५ सालचा अंक स्कॅन केला, तर संगणकाच्या हाती लागते ते केवळ पानाचे छायाचित्र. त्यात एखादे नाव शोधायचे असेल, तर आधी चित्रातले अक्षर न् अक्षर ओळखले जावे लागते. हे काम करणारी ओसीआर प्रणाली आजच्या स्वच्छ छपाईवर सहज चालते. पण झिजलेले खिळे, पसरलेली शाई आणि पिवळा पडलेला कागद यांपुढे ती अडखळते. अशा जुन्या छपाईतले सुमारे २० टक्के शब्द ओसीआरला ओळखता येत नाहीत, असे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नोंदवले.

आपोआप खाती उघडणाऱ्या प्रोग्रॅमना अडवण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे वाचायला लावणारे ‘कॅप्चा’ हे कोडे याच विद्यापीठात आकाराला आले होते. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, लुईस फॉन आन, यांना पुढे एक हिशेब सतावू लागला. जगभरात रोज १० कोटींहून अधिक वेळा ही कोडी सोडवली जात होती. एका कोड्याला दहा सेकंद धरले, तरी रोज पावणेतीन लाखांहून अधिक तास निव्वळ पहारा ओलांडण्यात जात होते. ओसीआरला न वाचता आलेला शब्दच कोडे म्हणून दिला तर? प्रोग्रॅम त्यावर अडणार हे तर आधीच सिद्ध झालेले! २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘रीकॅप्चा’चे मूळ हेच.

यात मेख एकच होती. ज्या शब्दाचे उत्तर संगणकालाच ठाऊक नाही, त्याचे उत्तर बरोबर आले हे तो ठरवणार कसे? म्हणून वापरणाऱ्यापुढे दोन शब्द ठेवले गेले, एक माहीत असलेला आणि एक संशयित. त्यांतला कोणता कुठला, हे मात्र त्याला कळत नसे. माहीत असलेला शब्द अचूक टाइप झाला, की समोर माणूस आहे असे मानून त्याने दिलेले दुसऱ्या शब्दाचे उत्तरही विचारात घेतले जाई. पण एकट्याच्या शब्दावर विसंबणे नव्हते. माणसाच्या उत्तराला एक मत आणि ओसीआरच्या अंदाजाला अर्धे मत असे धरून, एखाद्या वाचनाला अडीच मते पडली की ते ग्राह्य धरले जाई, आणि तो शब्द पुढच्या लोकांची परीक्षा घेण्यासाठी वापरता येई. उत्तर निश्चित होण्याआधीच सहा जणांनी शब्द नाकारला, तर तो वाचण्यापलीकडचा समजून बाजूला काढला जाई. यंत्राचे मत अर्ध्यावर आणणारी ही व्यवस्था मला मूळ कल्पनेहूनही चतुर वाटते.

जुन्या वृत्तपत्रातील पन्नास लेखांवर, म्हणजे २४,०८० शब्दांवर, तिची चाचणी घेतली गेली, तेव्हा शब्द अचूक ओळखण्याचे प्रमाण ९९.१ टक्के निघाले, ओसीआरचे ८३.५ टक्के होते. पहिल्या वर्षभरात ४४ कोटींहून अधिक शब्द उलगडले, म्हणजे सुमारे १७,६०० पुस्तकांइतका मजकूर.

२००९ मध्ये गूगलने रीकॅप्चा विकत घेतले आणि हे काम पुस्तकांच्या डिजिटायझेशनला जोडले. पुढे कोड्यांत घरांच्या पाट्यांवरचे क्रमांकही दिसू लागले. लोकांकडून फुकट काम करून घेतले जाते, असा दावा अमेरिकेत दाखल झाला. तो २०१६ मध्ये न्यायालयाने फेटाळला. काही सेकंदांच्या टंकलेखनाचे दाम मागणे न्यायालयाला पटले नाही, पण त्या सेकंदांची बेरीज किती मोलाची होती हे वरच्या आकड्यांत दिसतेच.

मराठीच्या वाट्याला या कोड्यांतून फारसे काही आले नाही. शिरोरेखेने बांधलेली अक्षरे आणि जोडाक्षरे सुटी करताना ओसीआर चुकते, आणि मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर स्वयंसेवक जुन्या पुस्तकांची पाने मूळ प्रतिमेशी ताडून दुरुस्त करतात. फरक इतकाच, की आपण पुस्तक वाचवत आहोत हे त्यांना ठाऊक असते.